पायरीवरचा तीनशे सतरा

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याचा जिना एक आठवडा धुतलेला असे आणि एक आठवडा धुतल्यासारखा. धुतलेला असे तो एफी मॅकॅस्किलच्या पाळीला, आणि धुतल्यासारखा तो समोरच्या टीनी रॅफर्टीच्या पाळीला. ग्लासगोत प्रत्येक जिन्याला हा पाळीचा नियम होता. आठवडाभर जिना धुवायचा, पायरीच्या कडेला पांढऱ्या मातीच्या वडीने वेलबुट्टी काढायची, आणि शनिवारी 'जिना धुण्याची पाळी तुमची' असं छापलेली पुठ्ठ्याची पाटी समोरच्या दाराच्या मुठीला अडकवायची. एफी ती पाटी अशी अडकवायची की आत बसलेल्या टीनीला समन्स आल्यासारखं वाटावं.

एफी मूळची स्काय बेटावरची. गेलिक बोलत मोठी झालेली, हाडापेराने मजबूत. आणि स्वच्छतेची तर तिला बाधाच झाली होती. तिच्या घरात पाऊल टाकायचं तर आधी बूट पुसायचे, मग बूट पुसले की नाही ते दाखवायचं. नवरा लॅकलन बोटीवर भट्टीत कोळसा लोटायचा, वर्षातले दहा महिने समुद्रावर. लोक म्हणत, बिचाऱ्याने ती नोकरी मुद्दामच धरली. पाय न पुसता कुठेतरी उभं राहायला मिळावं, बाकी काही नाही. पदरी एक मुलगी, मार्सली. नऊ वर्षांची, सडपातळ, गुणी, आणि शाळेत पहिल्या बाकावर बसणारी. आमच्याकडे शाळेत मार्कांप्रमाणे बसवतात, म्हणजे सर्वात पुढे ती सर्वात हुशार. हे एफीने सगळ्या इमारतीला इतक्या वेळा सांगितलं होतं की पाठ झालं होतं.

टीनीचा संसार नेमका उलटा. सहा पोरं, एक मांजर, गोदीत काम करणारा आयरिश नवरा आणि कशाचा म्हणून कशाला पत्ता नाही. पण बाई हसरी, आणि वाचनाची भारी हौस. बटाटे सोलायला घेतले तरी ज्या कागदावर सालं पडतील तो आधी वाचून काढायची.

दोघी सहा वर्षं समोरासमोर राहत होत्या आणि सहा वर्षं एकमेकींना 'मिसेस' म्हणत होत्या.

"मिसेस रॅफर्टी, जिना धुतलात की नुसतं पाणी दाखवलंत?" एफी विचारायची.

"दाखवलं हो, मिसेस मॅकॅस्किल. म्हटलं, ओळख असू दे."

"हसा! पण ताप घाणीत जन्मतो, सांगून ठेवते. येईल तेव्हा बरोब्बर दार शोधत येईल."

"मग आमच्याकडे त्याला दार सापडायचं नाही. बुटांच्या ढिगाऱ्यात आम्हालाच सापडत नाही."

दुधावरून तर रोजचीच जुंपायची. टीनीची पोरं डब्यातल्या घट्ट दुधावर वाढत होती, पावावर फासून. एफी मात्र तीन रस्ते ओलांडून एका खास डेअरीत जायची. तिथे भिंतींना पांढऱ्या फरश्या, गल्ल्यावर संगमरवर, आणि दूध मापणाऱ्या मुलीचा एप्रन असा कडक की वाकली तर मोडेल. "दूध कुठून येतं ते बघून घ्यावं माणसाने," एफी म्हणायची, आणि झाकलेलं भांडं टीनीच्या दारावरून जरा सावकाशच न्यायची.

जूनमध्ये मार्सली आजारी पडली. आधी डोकं दुखलं, मग ताप चढला, तो उतरेना. सातव्या दिवशी डॉक्टर म्हणाला, विषमज्वर. दुपारी आरोग्य खात्याची गाडी आली. दोन माणसं आणि एक नर्स वर आली, मार्सलीला घोंगडीत गुंडाळून खाली नेलं. मग गादी, उशा, चादरी नेल्या, खोलीच्या फटी कागदाने बुजवल्या आणि आत गंधक जाळला. एफी चार तास जिन्याच्या पायरीवर बसून होती. त्याच पायरीवर, जिच्यावर बसलं म्हणून तिने टीनीच्या पोरांचे कान धरले होते.

रस्त्यावरच्या प्रत्येक खिडकीत दोन-दोन डोकी होती. गाडी जगाने पाहिली, वास जगाने घेतला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एफी बादली घेऊन बाहेर आली नि म्हणाली, "मार्सलीला पाठवलंय रॉथसीला, मावशीकडे. समुद्राची हवा मानवते तिला."

"बरं केलंत," टीनी म्हणाली.

"आणि तो वास आला असेल कुणाला, तर धुराडं साफ करून घेतलं मी."

"तुंबलेल्या धुराड्याला अगदी अस्साच वास येतो," तळमजल्यावरचे शिंपी गिलफिलन आजोबा गंभीरपणे म्हणाले. आयुष्यभर चर्चमध्ये प्रार्थना सांगणारा माणूस, पण खोटं बोलताना पापणी हलली नाही.

करणार काय ती तरी? सहा वर्षं सगळ्यांना ऐकवलेलं, ताप घाणीत जन्मतो. आता तो सगळ्यांत लखलखीत घरात जन्मला, तर तोंड दाखवायचं कसं? लोकांनी तिला ती रॉथसीची मावशी बिनबोभाट देऊन टाकली.

पण खरी पंचाईत पुढेच होती. तापाच्या इस्पितळात आईबापांना रोज सोडत नसत. प्रत्येक रोग्याला नंबर असे आणि संध्याकाळच्या पेपरात त्या नंबरांची यादी येई. चार गट असत, प्रत्येकावर एकेक ओळ मथळा, खाली नंबर. ज्याने त्याने आपापला शोधायचा. इस्पितळाच्या कारकुनाने एफीला हे सगळं भराभर इंग्रजीत समजावलं आणि चिठ्ठी दिली, नंबर तीनशे सतरा. एफी प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिली. तिला कळलं इतकंच की पेपर बघायचा आणि नंबर बघायचा.

कारण एफीला वाचता येत नव्हतं. बेटावर तिच्या वेळी मुलींना शाळेत कोण घालतं! आकडे तेवढे ती ओळखायची, ट्रामवर आणि दारांवर पाहून पाहून. ही गोष्ट तिने ग्लासगोत कुणाला कळू दिली नव्हती. लॅकलनची कलकत्त्याहून आलेली पत्रं मार्सली वाचायची, दार लावून. घरात वाचणारं माणूस एकच होतं, आणि आता बातमी त्याचीच होती.

चिठ्ठी हरवेल म्हणून तिने ती चहाच्या डब्यात ठेवली. तरी जीव थाऱ्यावर नाही. डबा जळाला तर? नंबर विसरला तर? मग तिने एक शक्कल काढली, आणि ही शक्कल फक्त आमच्याच बायकांना सुचू शकते. रोज सकाळी उंबरठा धुतला की वडी घेऊन ती कडेच्या वेलबुट्टीत तो नंबर काढायची. दोन वळणं म्हणजे तीन, मग एक काठी, मग एक वाकलेली काठी. आजूबाजूला पानं, गाठी, वेटोळी. तिच्या मते ती नक्षी होती. कुणाच्या बापाला कळणार नाही!

दूधवाल्याच्या घोड्यालासुद्धा कळलं असतं. हातभर लांबीचा तीनशे सतरा, पांढराफेक, रोज ताजा. त्याच दिवसापासून आमच्या जिन्यावर, जिथे गिलफिलन आजोबांचा एकच पेपर सगळ्या मजल्यांवर फिरायचा, तिथे चार पेपर यायला लागले. पाच वाजले की दारं लागायची आणि सगळी इमारत तीनशे सतरा शोधायची.

एफी स्वतः पेपर घ्यायची ती दोन रस्ते पलीकडच्या दुकानातून, आणि घरी येऊन टेबलावर पसरायची. पहिल्या दिवशी नंबर तिसऱ्या गटात होता. आठवडाभर तिथेच राहिला. मग एका संध्याकाळी दुसऱ्या गटात आला. वर चढला! एफीने हात जोडले. वर म्हणजे चांगलंच ना? शाळेत पहिला बाक हुशार पोरांचा. बक्षिसांच्या यादीत पहिलं नाव मार्सलीचं. देवाच्या दारात चांगल्या माणसांची रांग, तीही पुढूनच सुरू होते. आपली पोर इस्पितळातही पुढे निघाली, यात नवल ते काय!

खरा क्रम उलटा होता. चौथा गट 'प्रकृती उत्तम', तिसरा 'आजार आहे, पण काळजी नाही', दुसरा 'आजार गंभीर'. आणि सर्वात वरच्या गटावर लिहिलेलं असे, 'अत्यवस्थ. नातलगांनी ताबडतोब यावे.'

जिन्यावरच्या लोकांनी दुसऱ्या गटातला तीनशे सतरा पाहिला आणि वरचा मथळा पुन्हा पुन्हा वाचला. आणि नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी एफी गुणगुणत जिना घासत होती. "काय बाई आहे!" गिलफिलन आजोबा म्हणाले. "काळजाचा दगड केलाय. आतून जळतेय पण दाखवत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. एकट्या टीनीने हलवली नाही. तिला वेगळाच संशय होता. पण रॉथसीला गेलेल्या मुलीच्या तब्येतीबद्दल काय विचारणार, आणि कोणत्या तोंडाने?

त्याच आठवड्यात आरोग्य खात्याचा निरीक्षक आला. मार्सली कुठलं दूध प्यायची ते त्याने आधीच लिहून नेलं होतं. आता निकाल घेऊन आला. त्या एका डेअरीच्या गिऱ्हाइकांत अकरा घरांत ताप होता. एफी म्हणाली, "काहीतरीच काय! तिथली फरशी इतकी पांढरी आहे."

"फरशी पांढरीच आहे, बाई," निरीक्षक म्हणाला. "पण दुधाचे कॅन धुतात ती शेतावरची विहीर संडासाला लागून आहे."

तो गेल्यावर एफीला उमगलं. तीन रस्ते ओलांडून, झाकून, मिरवत तिने तो ताप स्वतःच्या हाताने घरी आणला होता. समोरच्या घरात सहा पोरं डब्यातलं दूध चाटत जिन्यावर धुडगूस घालत होती, ठणठणीत. एफीला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी तिने त्यांना ओरडायचंसुद्धा टाळलं.

आणि मग शुक्रवारी संध्याकाळी तिने पेपर उघडला, तर तीनशे सतरा सगळ्यांच्या वर! पहिल्या गटात. गटात तीनच नंबर, आणि त्यातही पहिला.

एफी खुर्चीवर बसून रडली, मग उठून कामाला लागली. सुकवलेल्या मनुका, पीठ, चरबी, मसाला, साठवणीतलं होतं नव्हतं ते काढलं आणि फडक्यात बांधून वाढदिवसाला करतात तसा मोठा पुडिंगचा गोळा उकडायला ठेवला. शिजायला चार तास, मग रात्रभर निवायला. एवढा दम तिला कुठला? शनिवारी सकाळीच फडकं सोडलं, गोळा कापला, आणि बशा घेऊन ती घरोघर निघाली.

"मावशीचं पत्र आलंय," ती सांगत सुटली. "मार्सली एकदम पहिल्या नंबरावर आहे म्हणे. घ्या, तोंड गोड करा."

लोकांचे चेहरे काय झाले असतील! कालचा पेपर सगळ्यांनी वाचलेला. गिलफिलन आजोबांनी बशी घेतली, 'देव तुझं भलं करो' म्हणाले, दार लावलं आणि शिवणयंत्रावर डोकं टेकून बसले. वरच्या मजल्यावरच्या बाईने तर बशी हातात घेऊन हुंदकाच दिला. "आनंदाने हो," ती म्हणाली. एफीला वाटलं, लोक किती चांगले आहेत, आपणच उगीच सहा वर्षं ओरडत होतो.

शेवटची बशी घेऊन ती समोरच्या दाराशी आली. टीनीने दार उघडलं. तिच्या हातात पेपर होता.

"मिसेस रॅफर्टी, मार्सली..."

"शाल घ्या, मिसेस मॅकॅस्किल," टीनी म्हणाली. "मी येते तुमच्याबरोबर."

"कुठे?"

"इस्पितळात."

"इस्पितळात कशाला? मार्सली तर रॉथसीला..."

"तीनशे सतरा रॉथसीला नाहीये."

एफीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "तुम्हाला काय माहीत नंबर? माझ्या डब्यात हात घातलात?"

"डब्यात कशाला? तुमच्या उंबरठ्यावर आहे, हातभर मोठा. पंधरा दिवस सगळा जिना ओलांडून जातोय त्याला." टीनीने तिच्या हातातली बशी घ्यायचा प्रयत्न केला, एफीने सोडली नाही. "ऐका माझं. त्या यादीत वर म्हणजे चांगलं नसतं. वर म्हणजे बोलावलंय तुम्हाला. कालच बोलावलंय. मी काल रात्रभर वाट बघितली, म्हटलं आता निघतील, मग निघतील. तुमच्या घरातून मनुकांचा वास यायला लागला. चुकलं माझं. मी कालच यायला हवं होतं."

एफीने एप्रनवरच शाल घेतली आणि जिना उतरली, धुतलेला की नाही हे न बघता.

ट्रामचे घोडे त्या दिवशी जगातले सर्वात आळशी घोडे होते. पुडिंगची बशी एफीच्या मांडीवरच होती. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "मला वाचता येत नाही हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही राहायला आलात त्या महिन्यापासून. जिन्याची पाटी तुम्ही दर वेळी उलटी अडकवता."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

"आणि बोलला नाहीत? मी तुम्हाला इतकं बोलायची, आणि तुम्ही एकदासुद्धा..."

"बोलायला तुम्ही होतात ना," टीनी म्हणाली. "जिन्यावर एकीने तरी तोंड मिटून ठेवायला हवं. शेजारधर्म म्हणून." मग जरा थांबून म्हणाली, "एफी, ती बशी दे माझ्याकडे. पडेल."

इस्पितळाच्या दारात नर्सने विचारलं, "नंबर?" एफीच्या तोंडून 'मार्सली' एवढंच निघालं. तीनशे सतरा टीनीने सांगितला.

मार्सलीचे केस कापले होते. इतकंसं डोकं, डोळे उघडे, पण आईला ओळखत नव्हते. ओठ हलत होते. एफी वाकली.

"पुसले," मार्सली पुटपुटत होती. "पाय पुसले मी. पुसले, आई."

"तीन दिवस हेच म्हणतेय," नर्स म्हणाली. "कुणाला सांगतेय कळत नाही."

एफीला कळलं. आणि ती, जिने स्काय सोडताना डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती त्या खाटेच्या कडेवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. "नको पुसूस, बाळा," ती गेलिकमध्ये म्हणत राहिली. "तशीच ये. चिखलाने भरून ये. सगळं घर घाण कर, पण ये." टीनीला गेलिक येत नव्हतं, पण तिला कुणी भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही.

अर्ध्या तासाने त्यांना बाहेर काढलं, पुढचं पेपरात बघा म्हणून. रविवारी पेपर नसतो. तो रविवार आमच्या इमारतीने कसा काढला ते विचारू नका. सोमवारी नंबर वरच होता. मंगळवारीही वरच. बुधवारी पाच वाजता एफीच्या टेबलाभोवती सगळा जिना उभा होता, बूट न पुसता, आणि टीनी बोट फिरवत होती.

"वर नाही," टीनी म्हणाली. यादीत नसणं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोट खाली सरकलं. "दुसऱ्यात! दुसऱ्यात आहे गं! खाली आली!"

त्यानंतर आपली मुलगी रोज खाली घसरावी म्हणून नवस बोलणारी एफी ही ग्लासगोतली एकमेव आई असावी. ऑगस्टच्या शेवटी मार्सली घरी आली, दाराशी थांबली आणि सवयीने बूट पुसायला लागली. एफीने तिला तशीच उचलून आत नेलं.

तुम्ही म्हणाल, बाई बदलली. कसली बदलते! महिन्याभरात "मिसेस रॅफर्टी, जिना धुतलात की" सुरू झालं. फक्त 'मिसेस' जाऊन 'टीनी' झालं आणि आवाज दुप्पट झाला. वाचायलाही ती धड शिकली नाही. मार्सलीने प्रयत्न केला, पण एफी म्हणे, या वयात डोक्यात अक्षरं घुसत नाहीत. मात्र टीनीकडून तिने त्या यादीचे चार मथळे हट्टाने शिकून घेतले. तेवढे चार वाचता आले की बस.

आणि पुढे कितीतरी वर्षं, संध्याकाळी पाच वाजता, ती बादली घेऊन पेपरच्या दुकानासमोर उभी दिसायची. दुकानाची पायरी काही तिची नव्हती, पण ती घासायची. दुकानदाराला वाटायचं, हिला वेड लागलंय. मार्सलीचं लग्न झालं, लॅकलन कायमचा घरी आला आणि पाय पुसायला शिकला, तरी पाच वाजले की एफी तिथे. पेपर घेणाऱ्यांची तोंडं बघत.

एका मार्चमध्ये एक तरुण बाई आली, काळ्या शालीतली, बेटांवरून नवीनच आलेली दिसत होती. तिने पेपर उघडला, यादीवर बोट फिरवलं, खालून वर नेलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. ती स्वतःशीच हसली.

एफीने तिचं बोट कुठे थांबलंय ते बघितलं. फडका बादलीत टाकला, हात एप्रनला पुसले, आणि जवळ जाऊन गेलिकमध्ये म्हणाली, "शाल घट्ट घे, पोरी. चल, मी येते तुझ्याबरोबर."